भिंतीतले पाच खडे

लीना सहज म्हणाली. अॅडलेडच्या मेन नॉर्थ रोडच्या सिग्नलला गाडी थांबली होती, डिकीत आठवड्याची भाजी, मागच्या सीटवर अकरा वर्षांची मिताली कानात इअरफोन घालून बसलेली, आणि लीना फोनवर तारखा बघत म्हणाली, "अरे, गौरी पुढच्या रविवारी येतायत. तुमची परत ट्रिप आहे का रे त्या नदीवर? मागच्या वर्षीसारखे खडे आणलेस तर काय बहार येईल! आईने तर फोटो अजून जपून ठेवलाय." सिग्नल हिरवा झाला. यतिनचा पाय ब्रेकवरून उठेना. मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न दिला, मग दाबूनच धरला. "बाबा, इट्स ग्रीन," मिताली म्हणाली. त्याने गाडी काढली, मॉसन लेक्सचं वळण आलं तरी सरळच गेला, आणि लीना "अरे अरे, घर राहिलं मागे!" म्हणून ओरडली तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण गाडी चालवतोय. खडे. पाच. मागच्या वर्षीचे. गेले तीन आठवडे सगळी लॅब ज्या कोड्यापुढे डोकं आपटत होती ते कोडं त्या पाच खड्यांचं होतं, आणि ते घालून ठेवणारा शहाणा दुसरा तिसरा कोणी नसून तो स्वतःच होता.

तसा यतिन आगाशे हुशारांतच गणला जायचा. पुण्याहून जिऑलॉजी करून इथे आला, मास्टर्स केलं, दोन वर्षं सर्वोमध्ये उभं राहून पेट्रोल विकलं, पीआर मिळवली, आणि आता अकरा वर्षं युनिच्या तळघरातल्या काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, वाळूचं वय काढत होता. मंडळाच्या जेवणांत कुणी विचारलं की तो रंगात येऊन समजावून सांगायचा. वाळूच्या कणाला ऊन लागलं की तो रिकामा होतो. अंधारात पुरला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणांनी हळूहळू भरत जातो. किती भरलाय ते मोजायचं, म्हणजे त्याने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. एखादी दगडी भिंत किती जुनी हे दगड सांगत नाही, दगडाचं वय डोंगराचं. पण माणसाने तो उचलून जिथे ठेवला तिथली खालची वाळू त्या क्षणी अंधारात गेली, ती सांगते. "वाळू खोटं बोलत नाही," असं तो वर म्हणायचा. लोक माना डोलवायचे, लीना गालात हसायची. हे सगळं आता त्याला घराच्या ड्राइव्हवेमध्ये, गाडी बंद करून स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून बसलेला असताना आठवलं. लीना पिशव्या घेऊन आत गेली. "वन मिनिट," तो म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला.

मागच्या वर्षी ऑगस्टअखेर ते तिकडे पहिल्यांदा गेले होते, तो आणि प्रोजेक्टची प्रमुख डॉक्टर हेलन. बारा-तेरा तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी माती, सपाट, नजर पोचेल तिथवर, आणि त्या मातीतून संथ जाणारी मातकट नदी. पात्रात एका जागी खडक वर आलेला, आणि त्याच्या आधाराने शेकडो मीटर पसरलेल्या गुडघाभर उंच दगडी भिंती, एकीतून दुसरी निघालेली, गोल गोल कप्पे. पाणी चढलं की मासे कप्प्यांत शिरायचे, तोंड दगडाने बंद करायचं, पाणी उतरलं की हाताने मासे उचलायचे. नदीकाठच्या मूळ लोकांनी कधी बांधलं हे, कुणी म्हणे पाचशे वर्षं, कुणी म्हणे पाच हजार. एकेका कप्प्याची देखभाल एकेका घराण्याकडे. चौथा कप्पा आंटी रोमाच्या आजीच्या घराण्याचा. आंटी रोमा अठ्ठ्याहत्तरची, गुडघे गेलेले, हातात अॅल्युमिनियमची काठी, डोक्यावर फुटबॉल क्लबची टोपी. गाव आता नदीकाठी फलक लावणार होतं, ज्या कप्प्याचं जुनेपण सिद्ध होईल त्या घराण्याच्या नावासकट. आंटीला फलकाचं एवढं नव्हतं. गावातला एक दुकानदार वर्षानुवर्षं म्हणत आला होता की चार नंबरची भिंत त्याच्या आजोबाने हौसेने रचली, ह्यांच्या आजीबिजीचा काही संबंध नाही. "एकदा तुमच्या मशीनकडून ऐकू दे त्याला," ती म्हणाली होती. पहिल्या सकाळी तिने दोघांना पाण्याजवळ नेलं आणि नदीला मोठ्याने सांगितलं की ही हेलन, आणि हा यतिन, लांबून आलाय, बघायला आलाय, काही न्यायला नाही. त्याचं नाव तिने चुकीचं उच्चारलं, मग त्याला विचारून नीट म्हटलं. त्याला ते फार आवडलं होतं. फोटो काढ म्हणून त्याने हेलनला फोनही दिला होता.

आणि त्याच संध्याकाळी लीनाचा फोन. तिच्या माहेरी कोकणस्थांच्या खड्याच्या गौरी, तेच तिने इथेही चालवलेलं. पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, आणताना तोंडात पाणी धरायचं म्हणजे बोलणं नको, मागे वळून बघायचं नाही, दारात पायांवर दूध-पाणी, ओवाळणं, "गौर आली सोनपावली". दरवर्षी ती हार्डवेअरच्या दुकानातून बागेसाठीच्या खड्यांचं पाकीट आणायची आणि दरवर्षी हळहळायची. "तू खऱ्या नदीवर आहेस ना? मग आण ना रे पाच. खरं तर बायकांनी आणायचे, पण इथे कोण बघतंय! आणि हे बघ, आणताना बोलायचं नाही हं कुणाशी." तो हसला होता. हो म्हणाला होता. मिताली मागून "बाबा, गेट शायनी वन्स!" म्हणत होती. गंमत, प्रेम, थोडी मजाच म्हणा. अंधार पडायला आलेला, हेलन मोटेलवर गेलेली, आणि तो काठाने चालत निघाला. काठावर चिखल, सगळीकडे चिखल. खडा म्हणून औषधाला नाही.

इथेच, ड्राइव्हवेमध्ये, त्याने डोळे घट्ट मिटले. कारण ह्या जागेवर तो आजवर कधी थांबलाच नव्हता. खडा औषधालाही नाही हे त्याला तेव्हा दिसलं होतं. नुसतं दिसलं नव्हतं, तो जिऑलॉजिस्ट होता, काळ्या मातीच्या सपाटीत सुटा गोटा आपोआप येत नाही हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या पात्रात जो म्हणून गोटा होता तो कुणीतरी उचलून, वाहून, बसवलेला होता. आणि तरी तो चौथ्या कप्प्याच्या भिंतीशी वाकला. एका मोठ्या दगडाच्या बुडाशी, फटीत, पाच गुळगुळीत तांबूस खडे एकाशेजारी एक बसलेले. किती नीट! त्याला वाटलं होतं, वा, मोजून पाच, जणू ठेवलेच आहेत आपल्यासाठी. ठेवलेलेच होते, गाढवा. त्याने एक हलवून पाहिला. निघाला नाही. मग पेनने माती उकरली. "सुटेच आहेत" असं स्वतःशी म्हणत त्याने ते उकरून काढले, आणि पाचवा निघाला तेव्हा वरचा मोठा दगड किंचित खाली बसला, तोही आवाज त्याने ऐकला. रुमालात बांधले. गुडघ्यांवरचा चिखल झटकला. आणि वर चढून येतो तर समोर आंटी रोमा, काठी टेकत, दमत, कुत्र्याला फिरवत.

"काय घेतलंस रे, बब?" तिने विचारलं. बब म्हणजे बाळा. रागाने नाही. म्हातारी माणसं रस्त्यात विचारतात तसं. आणि तो बोलला नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली, हसला, छातीवर हात ठेवून जरा वाकल्यासारखं केलं, म्हणजे तिला वाटावं की ह्याच्या देशाची काही रीत असेल. रीत होतीच की! तो पुढे निघाला आणि मागे वळून पाहिलं नाही, तीही रीत. आयुष्यात संध्या केली नाही, जानवं कपाटात कुठेतरी, उपास त्याला साबुदाण्यापुरता ठाऊक; आणि त्या एका मिनिटासाठी त्याच्याइतका कर्मठ माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात नव्हता. गौरीने काही त्याचं तोंड धरलं नव्हतं. बोलला असता तर कुठली गौर रागावणार होती? खाई त्याला खवखवे. त्याला माहीत होतं की हे सांगण्यासारखं नाही, म्हणून तर मौन इतकं सोयीचं वाटलं. मॉसन लेक्सला त्याच्या पायांवर लीनाने दूध-पाणी घातलं. पुण्याहून लताबाई, त्याच्या सासूबाई, व्हिडिओवर म्हणाल्या, "अगं, किती तेज आहे खड्यांना, अगदी जुने वाटतायत!" घावन-घाटलं झालं. तिसऱ्या दिवशी तिघांनी जाऊन ते समोरच्या तळ्यात सोडले, काउन्सिलने खणलेल्या, बदकांच्या. मितालीने एक लांब फेकला आणि लीना तिला रागावली.

मग उन्हाळ्यात नदी चढली, उतरली. एप्रिलमध्ये तो आणि हेलन परत गेले आणि काळ्या ताडपत्रीखाली, लाल बॅटरीवर, भिंतींच्या बुडातून वाळूच्या नळ्या काढल्या. तीन कप्प्यांची वाळू दोन हजार वर्षांच्या आसपास निघाली. चौथ्याची नळी त्यानेच ठोकली होती, त्याच मोठ्या दगडाखाली, आणि ती निघाली जवळजवळ शून्य. कोरी. काल-परवा ऊन पाहिलेली. त्याने तीनदा मोजली. मशीन तपासलं, खोलीत कुठून उजेड येतो का म्हणून दाराला पट्ट्या चिकटवल्या. पण तिथे खडे होते, फट होती, फटीतून पुराची नवी वाळू आत गेली असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. की येऊ दिलं नाही? शेवटी हेलनने ठरल्याप्रमाणे गावाला फोन लावला, स्पीकरवर, तो शेजारी बसलेला. चार नंबरची भिंत अलीकडची दिसते, ती हळुवारपणे म्हणाली, कदाचित शंभर वर्षांच्या आतली. मग आंटी रोमा म्हणाली, "बरं. सॉरी हं डॉक्टर, तुम्हाला उगीच धावपळ करायला लावली. आम्ही म्हाताऱ्या बायका, ऐकलेलं सांगतो. नॅनचाच, माझ्या आजीचाच, काही घोटाळा झाला असेल." आणि मग, "त्या मुलालाही सॉरी सांगा. चिखलात फार वेळ बसला होता बिचारा." हेलनने त्याच्याकडे पाहून ओठ मुडपले होते. त्याने, हा यतिन आगाशे, त्याने, "नो वरीज, आंटी" म्हटलं होतं.

"आत येणार आहेस का?" लीना दारात उभी होती. त्याने आत जाऊन ओट्याशी उभं राहून सगळं सांगितलं, एका दमात, भाजीच्या पिशव्या तशाच पडलेल्या. लीना आधी म्हणाली, "पाच खड्यांनी काय होतंय?" मग त्याने फट समजावून सांगितली. मग ती खुर्चीवर बसली. "म्हणजे मी चोरलेल्या गौरींना नैवेद्य दाखवला? वर्षभर अभिमानाने फोटो दाखवत फिरले? तुला मला सांगता आलं नाही, इथे दगड नाहीत म्हणून? मी पाकिटातले घेतले असते रे! आजवर घेतलेच ना?" नंतर तिचा आवाज खाली आला. "त्या नदीच्या परमिटमध्ये काय लिहिलंय?" "तिथलं काही उचलायचं नाही." "मग गप्प बस. झाकली मूठ राहू दे. नोकरी गेली तर ह्या घराचं काय करणार?" मिताली जिन्यात उभी होती. "आर वी इन ट्रबल?" तिने विचारलं. नाही, असं दोघं एकदमच म्हणाले, आणि ती मुकाट्याने वर गेली.

सोमवारी त्याने एक वाट काढली. अशा वेळी माणसाला वाट सुचतेच. ऑगस्टमधला फोटो आणि एप्रिलमधला फोटो, दोन्ही त्यानेच काढलेले, शेजारी शेजारी ठेवले आणि हेलनच्या खोलीत नेले. पहिल्यात दगडाखाली पाच खडे, दुसऱ्यात काळी फट. "हे बघ. मधल्या काळात हे निघाले. बहुतेक पुराने. म्हणून वाळू नवी. भिंत जुनीच असेल." खोटं त्यात 'बहुतेक पुराने' एवढंच. आंटीची भिंत आंटीला मिळते, त्याची नोकरी त्याला राहते, नदी काही तक्रार करत नाही. हेलन खुर्चीतून उठलीच. "यतिन, यू लेजंड!" तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तिने फोटो मोठा करून पाहिला, जवळून, आणि हळूहळू मान हलवली. "पुराने नाही हे. कडा बघ, उकरलंय कुणीतरी, काडीने नाहीतर कशाने. पोरं असणार, मेट. गावातली पोरं तिथेच खेळतात. रिपोर्टमध्ये तसं घालू, स्थानिक मुलांनी छेडछाड केली असावी. जेवून आले की मी गावात फोन करते, आंटीच्या नातवंडांनाच विचारायला सांगते. आणि हे शोधल्याबद्दल तुझं नाव घालते रिपोर्टमध्ये, खास." ती सँडविच आणायला गेली. तो तिच्या रिकाम्या खोलीत, दोन फोटोंसमोर उभा राहिला. नाव घालते. पोरांना विचारायला सांगते. त्याला त्या पोरांचे चेहरे आठवायला लागले, ऑगस्टमध्ये ती भिंतींवरून उड्या मारत नव्हती, बाजूबाजूने चालत होती, कारण आंटीने काठी उगारून एकदाच सांगितलं होतं. इतकी वर्षं त्यांनी एक दगड हलवला नव्हता. ज्याची नदीशी ओळख करून दिली त्याने हलवला. लाज लाज म्हणतात ती अशी पोटात राहते हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं ती चेहऱ्यावर असते आणि चेहरा धुतला की जाते.

तो बाहेर कार पार्कमध्ये आला. हेलन परत यायला वीस मिनिटं. आंटीच्या घरचा नंबर लॅबच्या यादीत होता, जुना, भिंतीवरचा फोन. वाजत राहिला. उचलला. "आंटी, मी यतिन. वाळूवाला." "हां बब, बोल." आणि तो बोलायला लागला. वाक्यं जुळवून आणलेली, ती सगळी विस्कटली. मी तुमच्या भिंतीतले पाच दगड काढले. पहिल्या दिवशीच. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या हातात होते. माझ्या घरच्या पूजेसाठी, म्हणजे पूजेवर ढकलत नाही, तिचं काही चुकलं नाही, मला ठाऊक होतं ते बसवलेले आहेत. पेनने उकरले. त्या भोकातून नवी वाळू गेली, म्हणून आकडा तसा आला. पोरांनी नाही काढले. तुम्हाला कुणी सांगेल पोरांनी काढले म्हणून, तर नाही. मी.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "कुठे आहेत ते आता?" आंटी रोमाने विचारलं. "इथे, अॅडलेडला. एका तळ्यात सोडले." "कुठलं तळं?" "काउन्सिलचं. खणलेलं." त्याने शिव्यांची वाट पाहिली. उभाच राहिला त्यांच्यासाठी, खांदे आवळून, पोलीस, परमिट, काय म्हणेल ते म्हणू दे. मग तिने विचारलं, "म्हणजे तो आकडा भिंतीचा नाही?" "नाही." "नक्की?" "नक्की, आंटी. तो माझ्या भोकाचा आहे. भिंतीचा आकडा आपल्याकडे नाहीच."

रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला आणि ती घरात कुणालातरी हाका मारायला लागली. "नोला! ए नोला! नॅनचा घोटाळा नव्हता! ऐकतेस का? नॅनचा काही घोटाळा नव्हता, ह्या पोराचा होता!" पावलं आली, चपला फरपटत. दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, धाकट्या बहिणीचा असणार: "काय म्हणतेस!" आणि मग ती रडायलाच लागली, तोंडावर हात न घेता, मोकळं. "मी पोरांना सांगून टाकलं गं, रोमा. सगळ्यांना. डबोला, सिडनीला, सगळ्यांना फोन करून सांगितलं, की नॅनची गोष्ट सोडून द्या, तसं काही नव्हतं. धाकटीने शाळेत लिहिलेलं फाडून टाकलं." "मग आता लाव ना फोन! एकेकाला लाव, ऊठ!" "कशावरून लावू? फोन तर तो धरून बसलाय."

"आंटी," यतिन म्हणाला, "मी तुमची..."

"हो रे, ते नंतर," आंटी रोमा म्हणाली. रिसीव्हर तिच्या तोंडाशी परत आला होता, श्वास लागलेला. "ठेव तू आता. आम्हाला फोन हवाय."

लाइन बंद झाली. तो फोन कानाला तसाच लावून कार पार्कमध्ये उभा होता. कुणी शिवी दिली नव्हती. माफही केलं नव्हतं. तो, त्याची रात्रीची झोप, त्याची नोकरी, त्याचं काळीज हातात घेऊन येणं, ह्यासाठी त्या घरात आज कुणाला वेळच नव्हता. ज्यांना कळायला हवं होतं ते आता कुणाकुणाला कळवण्यात गुंतले होते. त्याने फोन खिशात टाकला आणि आत गेला. हेलन जेवून आली होती, खुर्ची मागे टाकून, रिसीव्हर मानेत धरून नंबर दाबत होती, आणि त्याला पाहताच तिने हसून अंगठा वर केला.

"लागत नाहीये," ती म्हणाली, "एंगेज्ड येतोय सारखा."

"येणारच," यतिन म्हणाला. "तो ठेव, हेलन. पोरांनी नाही काढले."